तांबड्या रेषेबाहेरची खोली

हवामान बदलतंय तेव्हा शहरानेही बदलावं, असं वर कुठंतरी ठरलं आणि आमच्या नदीकाठच्या छोट्या शहराचा पूर-आराखडा झाला. गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरलेल्या तज्ज्ञांनी दोन दिवस फिरून नकाशावर तांबडी रेषा ओढली. रेषेच्या आत तळमजल्यावर नवी खोली बांधायला मनाई. बदल्यात पुराची सूचना फोनवर आणि न्यायला टेम्पो.

माझा शेजारी जयराम रेषेच्या आत सापडला. त्याच्या बायकोला, सुमंगलेला, कमरेच्या ऑपरेशननंतर जिना चढवेना. तिला खालीच खोली हवी होती.

"रेषा मातशी सरकवतील काय रे?" जयरामने बोटभर अंतर दाखवत मला विचारलं.

अर्ज मीच लिहून दिला. माझं अक्षर चांगलं. नगरपालिकेच्या कार्यालयात नकाशे सांभाळणारा निहार भला मुलगा. रेषा जयरामच्या घराला वळसा घालून गेली. नदीला वळणं असतात, रेषेला का नसावीत?

खोली झाली. सुमंगलावहिनी म्हणाल्या, "बरी जाली. पण हो नकाशो पाण्यान बघितलाहा काय?"

जयराम आणि मी पोटभर हसलो.

यंदा जुलैत चार दिवस पाऊस थांबलाच नाही. पाचव्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला, समोरच्या प्रवीणचाही. धरणाचं पाणी सोडलंय, अकराच्या आत निघा. जयरामचा वाजला नाही. तो दारात चहा पीत उभा.

"तुम्ही जावा. आम्ही रेषेच्या बाहेर."

"जयराम, नदी माडांत शिरलीय!"

तेव्हा कुठं त्याने निहारला फोन लावला. "काका, घाबरू नका," निहार म्हणाला, "नकाशा माझ्या समोरच आहे. तुमचं घर सुरक्षित."

टेम्पो आला. चालकाने यादी चाळली. वहिनींचं नाव नव्हतं.

"माझी जागा त्यांना दे," मी म्हटलं.

"जागा नावावर असता, काका. नायतर माझी नोकरी जायत."

टेम्पो प्रवीणला आणि माझ्या रिकाम्या जागेला घेऊन गेला.

आम्ही दोन म्हाताऱ्यांनी वहिनींना उचलून पाहिलं. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर त्या किंचाळल्या. परत पलंगावर ठेवलं. मग बांधकामातून उरलेले चिरे पलंगाच्या पायांखाली सारले. आधी एकेक, मग दोन दोन. पाणी आवाज न करता उंबरठा ओलांडून आत आलं.

"आणखी चिरे असत?" वहिनींनी विचारलं.

जयराम पाण्यातून अंगणात जाऊन बघून आला. चिरे संपले होते.