वसतिगृहाची चिठ्ठी

दोन हजार तीन सालच्या दसऱ्याला आठ दिवस उरले होते, तेव्हा सारजाबाईने जन्मात पहिल्यांदा कॉम्प्युटर पाहिला. घाटनांदूरच्या बाजारात कल्याणरावांचं किराणा दुकान होतं. पुढे गूळ, तेल, शेंगदाणे. मध्ये फोनचं काचेचं खोकं. आणि मागच्या खोलीत, जिथे पूर्वी सरकी-पेंडीची पोती रचलेली असत, तिथे हा कॉम्प्युटर. मोबाईल अजून हातोहाती झाले नव्हते. फोनच्या तारेतून हे यंत्र पुण्याशी बोलायचं. बोलण्याआधी भांडणाऱ्या मांजरांसारखं ओरडायचं, आणि लाइट गेली की मुकाट व्हायचं. लोक निव्वळ ते ओरडणं ऐकायला दुकानाशी थांबत.

पुण्याच्या एका संस्थेने त्यावरून पाहणी काढली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या ज्या घरात शाळेत जाणारी मुलगी असेल, त्या घरच्या बाईने येऊन प्रश्नांची उत्तरं द्यायची. बायांना वाचता येत नव्हतं, म्हणून कल्याणरावांची लेक शिवकन्या प्रश्न वाचून दाखवी आणि बाई सांगेल तसं बटण दाबी. निघताना प्रत्येकीला एक स्टीलची वाटी आणि नाव, नंबर, गट लिहिलेली छापील चिठ्ठी मिळे.

पहिले दहा प्रश्न सगळ्यांना सारखे. अकराव्याला मात्र यंत्र तीन पानांतलं एक पान आपल्या मनाने काढी. ‘अ’ पान निघालं तर प्रश्न साधा असे: यंदा मुलीला गावात ठेवणार का? ‘ब’ पानावर असे: गावात मुलींसाठी वसतिगृह झालं, तिथे दोन वेळचं जेवण मिळालं, तर ठेवणार का? आणि ‘क’ पानावर: मुलीला सांभाळणाऱ्या आजीला दर महिन्याला धान्य मिळालं, तर ठेवणार का? कोणत्या बाईला कोणतं पान यावं, हे शिवकन्येच्या हातात नव्हतं, पुण्याच्या माणसांच्याही नव्हतं. कशाने उत्तर किती बदलतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पानं तीन आहेत हे बायांना कळू द्यायचं नाही, कळलं तर उत्तरं फिरतील, अशी शिवकन्येला सक्त ताकीद होती.

पण बाया काही एकेकट्या आल्या नव्हत्या. वाडीवरून चार कोस बोलत आल्या होत्या आणि बोलतच परत निघाल्या.

“मला धान्य लागलं गं बाई!” म्हातारी भिवराबाई वाटी वाजवत म्हणाली. “मशिनीला बी दिसलं, म्हातारीचं पोट पाठीला लागलंय.”

“मला हॉस्टेल,” कौशल्याबाई म्हणाली. “माझी पोरगी सा वर्साची. तिला हॉस्टेलात घालू तर तान्ह्याला कोण धरंल? मशिनीला अक्कल न्हाई.”

सारजाबाईने आपली चिठ्ठी उलटसुलट केली. “मला तर कायच म्हणली न्हाई. ठिवणार का, एवढंच इचारलं.”

“म्हंजी तुजी कोरी निघाली, सारजे,” भिवराबाई म्हणाली.

बायांना यात काही नवल वाटलं नाही. त्यांच्या वाडीत सगळं चिठ्ठीवरच चालत आलं होतं. घरकुलं चार आली आणि मागणारी घरं चाळीस निघाली, तेव्हा मारुतीच्या पारावर हंड्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. टँकरच्या पाण्याची पाळी चिठ्ठीवर, दसऱ्याला सोनं लुटायचा पहिला मान चिठ्ठीवर. निघाली त्याची, कुणी कुरकुर करायची नाही. आता हंड्याच्या जागी मशीन आली, एवढाच काय तो फरक.

सारजाबाईला मात्र ती कोरी चिठ्ठी गिळता येईना. तिची योगेश्वरी सातवीत होती. सहा वर्षं सारजाबाई आणि आश्रुबा तोडीला गेले की सासू रुक्मिणीबाई नातीला घेऊन मागे राहायची. ती म्हातारी पोळ्याच्या आधी गेली. आता पोरीला कुणापाशी ठेवायचं? आणि उसाच्या फडावर न्यायचं म्हणजे काय, हे सारजाबाईइतकं कुणाला ठाऊक होतं? थोरलीला तिने बाराव्या वर्षी असंच नेलं होतं. राहायला पाचटाची कोपी, तिला ना दार ना कडी. वयात आलेली पोर तिथे सांभाळायची कशी, म्हणून पुढच्याच वर्षी फडावरच तिचं लगीन लावून दिलं. पंधराव्या वर्षी ती बाळंतपणात गेली, मूलही गेलं. योगेश्वरीला बारावं लागलं होतं.

“मी काय वैरी हाय का पोरीचा?” आश्रुबा म्हणाला. “हॉस्टेल लागलं असतं तर आनंदानं ठिवली असती. न्हाई लागलं. रिकाम्या घरात एकलीला टाकून जाऊ?”

तिसऱ्या दिवशी सारजाबाई पुन्हा घाटनांदूरला गेली. शिवकन्या नव्हती, तिचा भाऊ संगमेश यंत्रापाशी बसला होता. लांबून लांबून येणाऱ्या बायांना तो कंटाळला होता.

“दादा, माझी येकडाव पुन्हा काढा की.”

“एका माणसाची एकदाच, मावशी. नाव नोंदलेलं असतं.”

“मग माझ्या जावंचं नाव लिवा. सरस्वतीबाई.”

संगमेश हसला. “लई हुशार की! बघू तर तुझं नशीब.” त्याने भराभर दहा उत्तरं दाबली आणि अकराव्याला मान पुढे काढली. “घे. धान्य आलं. आजीला धान्य.”

“आजी मेली, दादा.”

“आता ते मशिनीला कसं कळणार?” असं म्हणून त्याने चिठ्ठी छापून तिच्या हातात दिली. लगेच लाइट गेली, आणि तिसऱ्या नावाचं बोलायची सोय राहिली नाही.

परतीच्या वाटेवर तिने मनाशी ठरवलं. चिठ्ठी बदलून घ्यायची. वाडीत ती रीत होती. निघालेलं ज्याला नको त्याने दुसऱ्याला द्यावं, पारावर चार माणसांदेखत हातात हात द्यावा, म्हणजे पक्कं. घरकुलंसुद्धा अशी बदलली होती. कौशल्याबाईला हॉस्टेल नकोच होतं. पण नको असलेली वस्तू दुसऱ्याला हवी आहे म्हटल्यावर तिची किंमत वाढते.

“देते की,” कौशल्याबाई म्हणाली. “पर ती धान्याची चिठ्ठी नको, तुजी गाभण शेळी मला दे.”

“कौशल्ये, त्या शेळीवर माझं दिवाळीपसून सगळं...”

“मग ऱ्हाऊ दे. मी घालते पोरीला हॉस्टेलात.”

सारजाबाईने शेळीचं दावं सोडलं. संध्याकाळी पारावर मुकादम रामकिसन आणि आणखी तिघांदेखत चिठ्ठी तिच्या हाती आली. आश्रुबाने ती दोनदा पाहिली, वाचता येत नसतानाही पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून पत्र्याची पेटी आणली. रंगवाल्याकडून तिच्यावर नाव घालून घेतलं: कु. योगेश्वरी आश्रुबा. जो भेटेल त्याला सांगायला लागला, “पोरगी हॉस्टेलात चाललीया. मशिनीनं काढली.”

दसरा झाला. ट्रक बुधवारी सकाळी निघणार होता. मंगळवारी दुपारी सारजाबाई चिठ्ठी पदरात बांधून दुकानात गेली. मागच्या खोलीत शिवकन्या एकटीच होती.

“ताई, ही कौशल्याबाईची चिठ्ठी. आमी पारावर बदलून घेतली, चार माणसं व्हती. आता पोरीला कवा आणू? आन गोधडी घरून आणायची का तिथंच मिळती?”

शिवकन्येने चिठ्ठी घेतली. ती वाचून स्टूल पुढे सरकवलं. “मावशी, बसा.”

“बसायला येळ न्हाई. भाकरी थापायच्यात वाटंच्या.”

“मावशी, वसतिगृह नाहीये.”

“इथं न्हाई? मग अंबाजोगाईला हाय का?”

“कुठंच नाही. आम्ही फक्त विचारलं होतं. झालं तर ठेवाल का, एवढंच.”

सारजाबाई उभीच राहिली. “आन मशिनीनं कौशल्याला दिलं ते?”

“मशीन कुणाला काही देत नाही. कुणाला कोणता प्रश्न विचारायचा, ते ती काढते. सगळ्यांना सारखाच विचारला तर कशाने फरक पडतो ते कळत नाही, म्हणून. भिवराबाईंना धान्यही येणार नाही, मावशी. कुणालाच काही येणार नाही.”

“मग कशापाई काढता?”

“कशानं आईबाप मुलीला मागं ठेवतील, ते बघायला.”

“ते मला इचारायचं ना, माय! मी न्हाई का सांगितलं असतं?” सारजाबाईचा आवाज असा चढला की दुकानातल्या गिऱ्हाइकाने आत डोकावून पाहिलं. मग ती एकदम हळू झाली. “तुमाला म्हाईत व्हतं. तवाच कावून सांगितलं न्हाई?”

“सांगायचं नव्हतं,” शिवकन्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “तुम्ही सगळ्या असं समजाल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पुण्याला अहवाल जाईल, मग सरकारकडे जाईल. दोन-तीन वर्षांत खरंच वसतिगृह होईल, मावशी.”

“दोन-तीन वर्सांत ती पंधराची व्हईल,” सारजाबाई म्हणाली.

बाहेर कल्याणराव कुणाला तरी तेल मोजून देत होते.

“ताई, तुमी ठिवून घ्या तिला.”

“मी?”

“धुणंभांडी करंल. दुकान झाडंल. एका कोपऱ्यात पडंल. फकस्त शाळंत जाऊ द्या.”

“मावशी, माझंच लग्न आहे मार्गशीर्षात. मी लातूरला जाणार.”

“मग तवरोक.”

“बाबा ऐकायचे नाहीत. घरात आजी आहे, तिचं सोवळंओवळं आहे. मी कसा शब्द देऊ?”

“इचारून तर बघा.”

शिवकन्येने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे सारजाबाईला कळलं नाही. तिने चिठ्ठी परत मागून घेतली, घडी करून पदरात बांधली आणि चार कोस चालत घरी आली. आश्रुबा अंगणात पेटीला कुलूप बसवत होता. “काय म्हणल्या मॅडम?”

सारजाबाईच्या ओठांवर खरं आलं होतं. ते बोललं की पोरगी उद्या ट्रकमध्ये चढणार, आणि त्यापुढचं सगळं तिला पाठ होतं.

“उद्या सकाळी आणा म्हणल्या,” ती बोलली. “मी पुढं जाते तिला घिऊन. तुमी टरक सडकंला थांबवा, बाजारापाशी.”

बुधवारी झुंजुमुंजू होताच मायलेकी निघाल्या. पेटी योगेश्वरीच्या डोक्यावर, गोधडी सारजाबाईच्या. वाडी नजरेआड झाल्यावर सारजाबाई थांबली.

“योगे, हॉस्टेल न्हाई.”

पोरीने पेटी खाली ठेवली. “मग मी कुठं ऱ्हाऊ?”

“कल्याणराव सावकाराच्या दुकानात. शिवकन्याताईपशी. तुज्या बाला बोलायचं न्हाई. कुणालाच बोलायचं न्हाई.”

“त्या व्हय म्हणल्या का?”

सारजाबाईने पेटी उचलून तिच्या डोक्यावर दिली. “मागतील ते काम कर. उलटून बोलू नको. शाळा सोडू नको.”

“आन त्यांनी हाकललं तर?”

“तर पायरीवर बस. सांजच्याला पुन्हा आत जा.”

“पुन्हा हाकललं तर?”

“पुन्हा जा,” सारजाबाई म्हणाली. “पुन्हा पुन्हा जा. मी येस्तोवर.”

दुकान नुकतंच उघडलं होतं. कल्याणराव माल आणायला मोंढ्यात गेले होते. शिवकन्या पायरीवर पाणी मारत होती. पेटी, गोधडी आणि पोर पाहून तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“मावशी, मी अजून बाबांपाशी विषय काढलेला नाही. थांबा जरा. मावशी, असं करू नका.”

सारजाबाईने गोधडी पायरीवर ठेवली. पोरीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सडकेवर ट्रकचा हॉर्न वाजला, एकदा, दोनदा. शिवकन्या अजून काही बोलत होती. ते ऐकलं तर ते नाहीच असेल, असं सारजाबाईला वाटलं. ती वळली आणि धावत सुटली.

वरून आश्रुबाने हात दिला. ट्रकमध्ये बाया, पोरं, कोयते, भांडी, कोंबड्या, आणि एका कोपऱ्यात कौशल्याबाईजवळ बांधलेली शेळी. सारजाबाई तिच्याकडे पाठ करून बसली. गाडी हलली.

“घेतली का पोरगी?” आश्रुबाने विचारलं.

“घेतली.”

“कसं हाय हॉस्टेल?”

बाया कान देऊन ऐकू लागल्या.

“पक्कं हाय,” सारजाबाई म्हणाली. “सलॅबचं.”

“दाराला कडी?”

“आतून बी हाय, भाईरून बी हाय.”

“किती पोरी हायत?”

“हायत... धा-बारा. सगळ्या हिच्याएवढ्या. रातच्याला एक म्हातारी बाई असती झोपायला.”

“माझी चांगली चिठ्ठी गेली वो हातची!” कौशल्याबाई हळहळली. “शेळीवर भुलले मी.”

आश्रुबा खूश होऊन तंबाखू मळायला लागला. “आन जेवायला काय देत्यात?”

सारजाबाईला आठवलं, घाईघाईत पोरीच्या भाकरीचं गठुडं तिच्याच हातात राहिलं होतं. ते तिने पदराखाली घेतलं.

“भाकरी,” ती म्हणाली. “दोन येळा. पोटभर.”