तेक्लामाईसमोरचं शीड

धुणं घेऊन द्रोसू ओढ्यावर उतरली की बायकांचं बोलणं थांबायचं. आधी असं नव्हतं. आधी तिच्यासाठी दगड राखलेला असायचा. आताही तो मोकळाच असे, पण त्याच्या शेजारचे दोन्ही दगडही मोकळे असत.

"जागा द्या गं, जागा द्या," त्या दिवशी गेम्मा मोठ्यानं म्हणाली. "लुपीनोची बायको आलीय. ज्यांची माणसं घरी परततात त्यांनी ऐसपैस बसावं."

"गेम्मा, असं बोलू नकोस गं. तुझा पार्दो मला पोटच्या पोरासारखाच."

"असेल. पण तो तिकडे साखळीत आहे, आणि तुझ्या घरात रेशमाचा तागा आलाय."

कुणीतरी हसलं. द्रोसूनं मान खाली घातली आणि चादर दगडावर आपटायला घेतली.

तीन आठवड्यांपूर्वी चेस्टनटच्या फळ्या भरून तीन गलबतं एकाच सकाळी आपल्या अमाल्फीहून समुद्रापलीकडच्या पालेर्मोला निघाली होती. डोंगरापलीकडच्या राजाला या समुद्रावरचा सगळा व्यापार आपल्या हाताखालून जायला हवा होता. आपले ड्यूक मात्र पालेर्मोच्या अमीराशी गोडीनं राहून तो परस्पर चालवत होते. लढाई कुणी पुकारली नव्हती. फक्त संत तेक्लामाईचं देऊळ असलेल्या टोकाशी राजाच्या वल्ह्यांच्या नावा खडकांमागून अचानक बाहेर पडल्या आणि त्यांनी दोन गलबतं माणसांसकट ओढून नेली. तिसरं लुपीनोचं. ते पालेर्मोला पोचलं, माल विकला गेला, आणि ते सुखरूप परतही आलं.

निघण्याचा दिवस ठाऊक होता तो ड्यूकना आणि तिघा मालकांना. दोन मालक कैदेत. मग राजाला दिवस कळवला कुणी? हे बोट करून कुणी विचारलं नाही. सगळे नुसते लुपीनोच्या दाराकडे बघत जात.

त्यात मंगळवारी मुस्को आला. पकडलेल्या गलबतावरचा हा खलाशी पाण्यात उडी टाकून किनाऱ्याला लागला होता आणि डोंगरवाटांनी लपतछपत चालत आला होता. पायांच्या चिंध्या झालेल्या. चर्चच्या पायरीवर बसून त्यानं सांगितलं, "आम्ही शीड उतरवलं. गुडघे टेकले. तेवढ्यात लुपीनोदादांचं गलबत मागून आलं आणि भरल्या शिडानं सरळ निघून गेलं. थांबलंच नाही."

आज्यापणज्यापासून अमाल्फीचं एकही गलबत तेक्लामाईच्या देवळावरून थेट पुढे गेलेलं नाही. शीड उतरवायचं, सगळ्यांनी गुडघ्यांवर बसायचं, तीनदा प्रार्थना म्हणायची, समुद्रात तेल सोडायचं आणि मगच पुढे जायचं. तिथे थांबत नाही तो शुद्धीत नसतो. नाहीतर पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला ठाऊक असतं.

"मुस्कोच्या डोळ्यांत खारं पाणी गेलं होतं," लुपीनो म्हणाला. "उतरवलं होतं आम्ही शीड. माईच्या कृपेनं वाचलो." त्याच्या सातही खलाशांनी तेच सांगितलं, सगळ्यांनी त्याच शब्दांत.

ड्यूकनी सगळं ऐकून घेतलं आणि हुकूम दिला: रविवारी मिस्सा-प्रार्थना झाल्यावर लुपीनोनं शुभवर्तमानाच्या पुस्तकावर आणि संताच्या अस्थीवर हात ठेवून हेच सांगावं. सांगितलं तर मोकळा. कचरला तर गलबत जप्त आणि डोळे जातील.

बुधवारी द्रोसूचा उपास होता. नवऱ्यापुढे तिनं शिजवलेले पावटे आणि खारवलेली मासळी ठेवली, स्वतः कोरड्या भाकरीचा तुकडा घेऊन समोर बसली.

"अहो, सगळं नीट होईल ना रविवारी?"

"न व्हायला काय झालं?"

"नाही, मुस्को इतकं ठासून सांगतोय..."

"तू उपास कर, मी जेवतो," लुपीनो म्हणाला. "दोघांनी आपापलं काम करावं." आणि निम्मं ताट तसंच टाकून उठला.

जेवण टाकून उठणारा माणूस नव्हता तो.

शुक्रवारी तो बाहेर गेल्यावर ती किनाऱ्यावर गेली. गलबत वाळूवर ओढून ठेवलेलं होतं, राखणदार ओळखीचा. "शाल राहिलीय आत," ती त्याला म्हणाली. खोटं बोलल्याबद्दल मनातल्या मनात क्षमाही मागितली. सुकाणूजवळच्या पेटीत खाण्याचं सामान तिनंच दर वेळी भरून द्यायचं. पेटीच्या तळाशी तेलाची बुधली होती. तिच्याच हातची गाठ, गाठीवर तिनंच लावलेलं मेण. मेण मोडलेलं नव्हतं.

समुद्रात सोडायचं तेल जसंच्या तसं होतं.

द्रोसू गलबताच्या काठाला धरून उभी राहिली. एकदा शंका शिरली की तिला सगळीकडे वाटा फुटतात. मग ईस्टरआधीच्या उपासांत डोंगरापलीकडून, राजाच्या मुलखातून आलेला एक लोकरीचा व्यापारी आठवला. लुपीनोबरोबर कोठारात दार लावून बसला होता. लोकरच बघत होते? वीस वर्षांत या माणसानं पालेर्मोहून कधी रेशीम आणलं नव्हतं, याच वेळी कसं आणलं? आणि दर खेपेला घरी आल्यावर वादळ-वाऱ्याच्या गोष्टी सांगणारा हा या वेळी टोकाबद्दल चकार शब्द का काढत नाही? लहानपणी पार्दो भिंतीवरून उडी मारून यायचा, "मावशी, भाकरी" म्हणायचा. त्याला यानं विकलं असेल का? आपण रोज सकाळी तेक्लामाईपुढे दिवा लावतो, तो कुणाच्या घरात?

शनिवारी दुपारी लुपीनो उतारावरच्या मळ्यात द्राक्षाच्या वेली बांधत होता. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"बुधली उघडलीच नाहीत तुम्ही."

त्याचे हात थांबले.

"राजाच्या माणसांकडून काय घेतलंत?" तिनं विचारलं. आवाज तिचा नेहमीसारखाच हळू होता, म्हणूनच तो दचकला.

"तुलाही तसंच वाटतं?"

"मला काय वाटतं ते राहू द्या. बुधली का उघडली नाहीत?"

त्यानं हातातली लवचीक काडी वेलीभोवती गुंडाळली. मग म्हणाला, "आपली मारू आजारी होती तेव्हा मी तेक्लामाईच्या टोकावर अनवाणी चढून गेलो होतो. तुला ठाऊक आहे. एकच मागितलं होतं मी, पोर वाचू दे. तिनं नाही दिलं."

"अहो..."

"ऐकून घे आता. त्या दिवशी लांबून देऊळ दिसलं आणि मला शीड उतरवावंसंच वाटेना. खलाशांना म्हटलं, राहू द्या, चला पुढे. तेवढंच झालं. मागे वळून पाहिलं तर खडकांतून नावा निघत होत्या."

"मग खरं सांगा ना उद्या!"

"खरं सांगू? देवाला पाठ दाखवणाऱ्याच्या गलबतावर कोण पाय ठेवील गं? एक खलाशी मिळायचा नाही. त्या सातांनाही कुणी उभं करणार नाही. बायकापोरं आहेत त्यांना, म्हणूनच गप्प आहेत बिचारे." तो तिच्याकडे वळला. "आणि विश्वास तरी कोण ठेवील? तू ठेवतेस?"

ठेवते, असं तिला म्हणायचं होतं. तोंडून आलं ते वेगळंच.

"रेशीम कशासाठी आणलंत?"

तो हसला, पण ते हसू बघवेना. "मारूच्या थडग्यावर घालायला," म्हणाला आणि पुन्हा वेलीकडे वळला.

द्रोसू घरी आली. त्याचं बोलणं तिला खरं वाटत होतं, आणि खोटं बोलणारा माणूस नेमकं हेच बोलेल असंही वाटत होतं. पोरीचं नाव काढलं की आपल्यातली आई आंधळी होते, हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच? एवढं मात्र पक्कं होतं की उद्या तो संताच्या अस्थीवर हात ठेवून खोटं बोलणार.

रविवारी चर्चमध्ये मुंगीला जागा नव्हती. मिस्सा संपली. ड्यूक वेदीच्या उजवीकडे बसले होते. धर्मगुरूंनी पुस्तक मांडलं, त्यावर चांदीच्या डबीतली अस्थी ठेवली. लुपीनो पुढे गेला आणि त्यानं हात उचलला.

"सरकार, थांबवा त्यांना," बायकांच्या बाजूनं आवाज आला. आवाज आपलाच आहे, हे द्रोसूला जरा उशिरानं कळलं. "शीड उतरवलं नव्हतं त्यांनी."

एकच गलका उठला. गेम्मा तर किंचाळलीच. ड्यूकनी हात वर केला.

"म्हणजे पुढे काय आहे ते त्याला ठाऊक होतं, असं म्हणणं आहे का तुझं, बाई?"

"त्यांना काय ठाऊक होतं ते मला ठाऊक नाही, सरकार. ते तुम्ही त्यांना विचारा. पण संताच्या अस्थीला हात लावून खोटं बोलले तर मी त्यांच्यासाठी प्रार्थना तरी कुठल्या तोंडानं करू?"

लुपीनो तिच्याकडे पाहत राहिला. त्या नजरेत राग होता की सुटका, ते तिला कधीच नीट कळलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं, मळ्यात सांगितलं तसंच. मागून त्याचा एक खलाशी पुढे आला. "मी शिडाचा दोर सोडायला गेलो होतो, सरकार. मालकांनी माझा हात धरला. रडत होते."

"नाटकं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "घरी बसून पाठ केलेलं!"

ड्यूकनी मुस्कोला पुढे बोलावलं. "तू पोहत कुठे लागलास रे?"

"खडकांतल्या त्याच खाचेत, सरकार. नावा दडल्या होत्या तिथंच. त्या बाहेर पडल्यावर."

"काय काय होतं तिथे?"

"काय असणार? चुली होत्या. राखेचे ढीग. माशांचे काटे एवढे पडले होते की पायांत घुसले."

"किती दिवसांचे?"

मुस्को थांबला. त्याच्या कपाळावर आठी आली. "खालची राख पावसानं घट्ट बसली होती, सरकार. आणि पाऊस पडला होता तो... आम्ही निघायच्या दहा दिवस आधी."

"दिवस ठाऊक असता तर दहा दिवस मासे खात बसले असते का ते?" ड्यूक म्हणाले. "ते कुणा एकाची वाट बघत नव्हते. जो थांबेल त्याची वाट बघत होते. या समुद्रावर त्या देवळासमोर शीड उतरवून, डोळे मिटून, गुडघ्यांवर बसणारं दुसरं कोण आहे? आपणच." त्यांनी धर्मगुरूंकडे पाहिलं. "आजपासून तिथे शीड उतरवायचं नाही. तेल जमिनीवरच्या वाटेनं पोचवा."

धर्मगुरूंचा चेहरा पडला. लुपीनोचे डोळे वाचले, गलबतही राहिलं. धर्मगुरूंनी त्याला चाळीस दिवस चर्चच्या दाराबाहेर उभं राहायला सांगितलं. खलाशी त्याला मिळतील की नाही, ते सांगणं कुणाच्याच हातात नव्हतं.

माणसं बाहेर पडली. ड्यूकचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं होतं, पण ते सगळ्यांना पटलं होतं असं दिसलं नाही. आपली पोरं गुडघ्यांवर बसलेली असताना धरली गेली, यापेक्षा कुणीतरी ती विकली हे मानायला सोपं होतं. "मग राजाला आपली रीत कुणी सांगितली?" असं एक म्हातारा पायरीवरच म्हणू लागला, आणि दोघेतिघे त्याच्याजवळ सरकले.

गेम्मानं द्रोसूचा दंड धरला. नखं रुतली.

"तुझ्या नवऱ्यानं पाप केलं, म्हणून घरी आला. माझा पार्दो माईपुढे वाकला, म्हणून साखळीत पडला. कालपर्यंत शिव्या घालायला मला लुपीनो तरी होता. आता कुणाला घालू, सांग!"

नवऱ्याच्या पापाची क्षमा मागायची म्हणून द्रोसूनं मनात प्रार्थनेची सुरुवात केली, पण शब्द पुढे सरकेनात. कारण त्यांच्या आड दुसरंच काहीतरी उभं होतं: बरं झालं, बरं झालं ते थांबले नाहीत. ती गेम्माचा हात तसाच दंडावर राहू देऊन उभी राहिली. तो सोडवून घ्यायची तिला लाज वाटत होती.