एम्ब्रेटच्या ओटमधलं रक्त

उपदेशकाने ओढलेली पांढरी चादर तोलेफकाकांच्या ओटच्या पिकात शिरली आणि बाहेर आली ती तांबडी होऊन. बायका किंचाळल्या. शेजारच्या शेताच्या एम्ब्रेटने टोपी काढून छातीशी धरली.

"बघा रे, बघा!" उपदेशक ओलेउस गरजला. "जमीन रक्त ओकतेय! ज्या घरात सैतानाचं व्हायोलिन वाजतं, तिथे दुसरं काय पिकणार? ही माझी नाही, मला दिसलेल्या देवदूताची वाणी! सूर्य मावळायच्या आत हे घर जळालं पाहिजे, नाहीतर रक्त तुमच्या उंबऱ्यावर येईल!"

कुणीतरी रॉकेलचा डबा आणलाच होता. तोलेफकाका दारात उभे होते, चौकट घट्ट धरून.

भीती मलाही होती. त्या वर्षी वसंतात पाऊस थांबेना, मग दमट उकाडा, आणि रोज पहाटे पानं दवाने निथळत. एके दिवशी आमचे हे शेतातून आले ते गुडघ्यापर्यंत नारिंगी होऊन. पानापानावर फोड. आमची लापशी, घोड्यांचा दाणा, सगळं त्या ओटवर. मिनेसोटाच्या हिवाळ्यात रिकामं कोठार म्हणजे काय, हे इथल्या पोरालाही कळतं.

पण एक गोष्ट मला खुपत होती. शाळेच्या गुन्वरबाई शेजारीच होत्या. मी कुजबुजले, "बाई, सकाळी हीच चादर आमच्या शेतातून पांढरी निघाली. एम्ब्रेटच्याही. मग आमच्या ह्यांची विजार रोज तांबडी कशी होते?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि गर्दीतून वाट काढत त्या पुढे गेल्या.

"महाराज, आता दुसरी, पांढरी चादर घेऊन एम्ब्रेटच्या शेतात चला. तिचं एक टोक मी धरते."

"बाईमाणसाचा हात लागला तर—"

"तर काय? देवाला कळणार नाही, रक्त कुठे दाखवायचं ते?"

मागून कुणीतरी हसलं. एम्ब्रेट उखडला. "धरू द्या की! माझं शेत पवित्र आहे."

नवी चादर निघाली. ओलेउसने आपलं टोक छातीशी उचलून धरलं, लोंब्यांवरून अलगद. बाईंनी आपलं टोक गुडघ्याखाली नेलं, पानांतून ओढत. पलीकडच्या बांधावर चादर उलगडली तेव्हा बाईंची बाजू तांबडीभडक होती आणि ओलेउसची पांढरीशुभ्र.

कुणालाच आनंद झाला नाही. एम्ब्रेटने चादरीचा तांबडा काठ बोटाने पुसून पाहिला. "म्हणजे... माझ्याही घरात सैतान?"

"आता सगळीच घरं जाळायची का हो?" एक म्हातारी रडू लागली.

"कुणाचंच नाही," बाई म्हणाल्या. "हा तांबेरा आहे, पिकाचा रोग. तो पानांवर असतो. चादर वरून फिरवली की पांढरी, खालून फिरवली की तांबडी. सकाळी महाराजांनी ती कुठून फिरवली, आठवा."

"पण तोलेफच्या बांधाला आधी का आला?" एम्ब्रेटने विचारलं.

बाई काकांच्या शेताच्या, बकथॉर्न नावाच्या काटेरी झुडपाच्या कुंपणाशी गेल्या आणि त्यांनी एक पान उलटं केलं. खाली बारीक नारिंगी वाट्या, आता सुकलेल्या. "रोग हिवाळाभर ओटच्या काडावर राहतो, वसंतात या झुडपावर चढतो, इथून वाऱ्याने शेतात. पाऊस आणि दव त्याला पोसतात."

"मग दोष माझाच," तोलेफकाका पहिल्यांदाच बोलले.

"झुडपाचा, काका. शाळेलाही हेच कुंपण आहे. मीच लावलंय."

मागे वळून पाहिलं तर ओलेउसमहाराजांची घोडागाडी धूळ उडवत वळणावर पोचली होती. देवदूताला फार घाई होती.

त्या वर्षी दाणे पोचटच निघाले. हिवाळा उपासातच गेला. शरदात आम्ही सगळी कुंपणं मुळासकट उपटली होती, तरी पुढच्या वर्षी दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर तांबेरा आलाच, पण उशिरा आणि थोडा. कोठारं निम्म्याहून जास्त भरली.

तोलेफकाका मात्र अजूनही अंगणात पावलं वाजली की दाराला कडी घालतात. त्यावर कुठलाच उपाय आम्हाला सापडलेला नाही.

म्हणून सांगते, भीती वाटली तर वाटू द्या, त्यात लाज नाही. पण रोगाचं कारण शोधायला वेळ लागतो, आणि माणूस जाळायला एक काडी पुरते. ती ओढण्याआधी एकदा तरी विचारा, हे कशामुळे झालं?