जावा बाक वप रपा

भिंगरी फोनवर दोन्ही अंगठ्यांनी इतकं भराभर टाइप करायची, की आत्या म्हणायची, एवढी शिकलेली अंगठेबहाद्दर आमच्या खानदानात दुसरी झाली नाही. आत्याचं वेगळंच. नजर अधू, पण कॉम्प्युटरसमोर बसली की तिची दहाही बोटं माहेरी आल्यासारखी वावरायची. हातापायांचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई तिला रेकॉर्डिंग पाठवायच्या. ते ऐकत आत्या पेशंटसाठी सूचना टाइप करायची. की-बोर्डकडे ती कधी बघायचीच नाही.

मग कॉम्प्युटर कुरकुरायला लागला आणि भिंगरीने घर डोक्यावर घेतलं. टॅबलेटच घ्यायचा! फोनपेक्षा मोठा, कॉम्प्युटरपेक्षा सुटसुटीत, शिवाय आत्याला अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतील. आत्याचं नाव तिने इतक्यांदा घेतलं की बाबा विरघळलेच. चित्रं काढायला आपल्यालाच तो हवाय, हे मात्र तिने सोयीस्करपणे गिळलं. जुना कॉम्प्युटर दुकानदाराला गेला, टॅबलेट घरी आला.

थोड्याच दिवसांत डॉक्टरीणबाईंचा फोन. पेशंट विचारताहेत, 'जावा बाक वप रपा' हा कुठला व्यायाम? लिहायचं होतं, 'डावा हात वर करा'. आत्या हसली. भिंगरी तर हसून हसून गडाबडा लोळायची बाकी राहिली. पुन्हा तसंच झालं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. आत्या एवढंच म्हणाली, की डोळ्यांमागोमाग आता हातही चालले; बाईंना दुसरं कुणीतरी शोधायला सांगते.

भिंगरीने त्या दिवशी चित्रं काढायला टॅबलेट घेतलाच नाही.

शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला तिने डोळे मिटून बोटं की-बोर्डवर ठेवली. 'र'च्या बटणावर बारीकसा उंचवटा लागला. डाव्या हाताला, वेलांटीच्या बटणावरही तसाच. तिथे बोट टेकलं की बाकीची आपोआप जागेवर. आणि टॅबलेटची काच सपाट! उजवा हात एक घर सरकला की 'डावा'चा 'जावा', आणि हातालाच पत्ता नाही.

घरी येऊन नुसतं 'नवा की-बोर्ड आणू या' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण आत्या फोन हातात घेऊन बसली होती, काम सोडतेय म्हणून कळवायला.

"आत्या, थांब. तुझे हात ठणठणीत आहेत. काचेवर बोटांना जागा सापडत नाही, एवढंच."

"मग मोठ्या अक्षरांचं काय सांगत होतीस?"

"होतात की मोठी. पण तू अक्षरं बघून टाइप करतेसच कुठे? ते मला माहीत होतं. टॅबलेट मला हवा होता."

आत्याने फोन बाजूला ठेवला. मग दोन्ही तळवे अगदी डोळ्यांशी नेत म्हणाली, "रोज असे धरून बघत होते गं. थरथरतात का म्हणून."

भिंगरीला वाटलं, हिने दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं.

"लाव बाईंना फोन," आत्या म्हणाली. "तूच बोल."

भिंगरीने नंबर लावला. घंटी वाजायला लागली. "चुकून झालं म्हणू?"

"चुकून नाही. 'माझ्या चुकीनं झालं' म्हण."

पलीकडून 'हॅलो' आलं, आणि अख्ख्या घराला बोलण्यात गुंडाळणारी भिंगरी एवढंच म्हणाली, "बाई, ते माझ्या चुकीनं झालं."