फळीवरच्या बाटलीची साक्ष

मित्रांनो, आधी हिशेब सांगते, मग माझी ओळख. श्रीशैलअप्पांना या खटपटीतून काय काय मिळणार होतं?

औशात किल्लारी रस्त्याला त्यांचं भज्यांचं हॉटेल. तळून तळून काळं पडलेलं तेल दर आठवड्याला डबाभर उरायचं. ते पुन्हा कढईत घालावं तर गिऱ्हाईक खोकायचं, गटारात ओतावं तर अप्पांच्या बायको गुरम्माकाकू ओरडायच्या. त्या तेलाचं डिझेल झालं, तर डबा रिकामा आणि काकू गप्प. ते डिझेल किल्लारी-औसा माणसं वाहणाऱ्या मारोतीच्या जीपला दिलं, तर मारोती किल्लारीची माणसं अप्पांच्या दारात उतरवणार, आणि उतरलेलं माणूस भज्यांचा वास ओलांडून जाणार कुठं? वर चार लोक म्हणणार, अप्पा म्हणजे इंजिनिअर. खरं सांगू? अप्पांना सगळ्यात गोड लागलं ते हे शेवटचं. मारोतीची गाडी जवळजवळ फुकटात पळणार होती. आणि जिनं ही युक्ती दाखवली, त्या धम्मप्रियाला काय? एक कप चहा. तो तिला मिळाला. आल्याचा होता.

आता माझी ओळख. मी काचेची, रुंद तोंडाची, पत्र्याच्या झाकणाची बाटली. भट्टीतून निघाले तेव्हा माझ्या अंगात मध भरला गेला. मध संपल्यावर काकूंनी माझ्यात जिरं ठेवलं, मग लवंगा. लेबल सुटलं, झाकणाला गंज चढला. हॉटेलच्या फळीवर मी कितीतरी वर्षं उभी होते आणि कोणी माझ्याकडे वळून पाहिलं नव्हतं.

धम्मप्रिया किल्लारीची. अकरावी सायन्सला औशात यायची, मारोतीच्याच जीपनं. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तिनं अप्पांकडून तांब्याभर काळं तेल नेलं आणि सरांच्या देखरेखीखाली त्याचं इंधन करून आणलं. मित्रांनो, त्यात मिथेनॉल लागतं, कॉस्टिक सोडा लागतो. एक विषारी आणि पेटणारं, दुसरा कातडी जाळणारा. तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. अप्पा मात्र त्या वाटेला गेले. मागच्या अंगणात दोन पिंपं मांडली, डोळ्यांना चष्मा लावला आणि महिनाभर कोणाशी धड बोलले नाहीत.

"काका, झालं म्हणजे झालं न्हाई," धम्मप्रिया म्हणाली. "नीट झालंय का, बघाय पायजे. कच्चं राहिलं तर इंजिनात चिकटतंय."

"बघायचं कसं?"

तिनं फळीवरून नजर फिरवली आणि मला उचललं. लवंगा कागदावर ओतल्या. मला साध्या पाण्यानं खळखळून धुतलं. अर्धं पाणी, अर्धं अप्पांचं इंधन, झाकण घट्ट, आणि मला असं हलवलं की माझी भट्टी मला आठवली. मग फळीवर ठेवलं.

"चहा उकळूस्तोर थांबा."

चहा उकळला. माझ्या पोटात खाली नितळ पाणी, वर मधाच्या रंगाचं इंधन, आणि मधे केसासारखी रेघ. मला माझे जुने दिवस आठवले.

"रेघ पडली म्हणजे पास," ती म्हणाली. "दुधासारखं पांढरं ऱ्हायलं तर नापास. मग गाडीत घालायचं न्हाई, काका. पुन्हा करायचं."

तिथून माझा मान वाढला. दर पिंपाआधी मी हलायची, आणि रेघ पडली की अप्पा गिऱ्हाइकांना हाक मारून दाखवायचे. "बघा, दूध का दूध न्हाई, तेल का तेल!" असलं काहीतरी म्हणायचे, अर्थ त्यांनाही ठाऊक नसावा. लातूरहून आलेल्या एका पाहुण्यानं माझा फोटोसुद्धा काढला आणि तो गावभर फिरला.

फोटोनंच घात केला. फोटोत मी तेलकट दिसले. गुरम्माकाकूंचं भांड्याकुंड्यांचं वेड असं की त्यांच्या कढईत तोंड पाहून भांग पाडावा. गावानं आपली तेलकट बाटली पाहिली, हे त्यांना लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी भांड्यांची पावडर घेतली, लिंबाच्या वासाची, आणि घासणीनं मला आतून-बाहेरून रगडलं. वर एकदाच पाणी फिरवलं. मी चकाकत होते. माझ्या काचेला मात्र साबणाचा एक पातळ पदर चिकटून राहिला होता, आणि तो मला बोलून दाखवता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पिंपातलं इंधन चांगलं होतं. मी ते ओळखलं होतं. पण साबणानं पाणी आणि तेल एकमेकांत गुंतवून टाकलं आणि मी दुधासारखी पांढरी झाले.

अप्पा खाली बसले. "गेलं सगळं पिंप."

"अप्पा, तुमी बी कमाल करतावं," मारोती म्हणाला. "रंग तर झ्याक हाय. घाला थोडं, बघू."

जीप आठवडाभर पळाली. कुठं खोकली नाही. त्या पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबले असते, तर माझ्यातही अंधुक रेघ पडलेली त्यांना दिसली असती. पण तोवर काकूंनी मला पुन्हा घासून ठेवलं होतं.

"बाटलीला चळ लागलाय," मारोती हसला.

पुढच्या तीन पिंपांना तेच. मी नापास म्हणायची, जीप पळायची. धम्मप्रियाची बारावी आली होती. जीपमधून उतरता उतरता तिनं एकदा विचारलं, "काका, टेस्ट करायलाव ना?"

"हाव की, करायलाव," अप्पा म्हणाले. आणि खोटं नव्हतं ते. उदबत्ती ओवाळावी तसं दर पिंपाला मला हलवायचे आणि माझ्याकडे न बघता गल्ल्यावर बसायचे.

फेब्रुवारीत एका लग्नातलं तेल आलं. काळंकुट्ट, पाणी मिसळलेलं, तळाला पुऱ्यांचा चुरा. ते आधी गाळून, तापवून पाणी उडवावं लागतं. अप्पांना घाई होती, मारोतीची टाकी रिकामी होती. पिंप कच्चं राहिलं.

मी पांढरी झाले. या वेळी साबणापायी नव्हे. त्या दिवशी काकूंना मला घासायला सवड झाली नाही; संध्याकाळ झाली, रात्र गेली, सकाळ झाली, तरी माझ्यात रेघ नव्हती. ताकावर लोणी यावं तसा जाड पांढरा थर धरून मी उभी होते. मित्रांनो, काचेला घसा असता तर तो मी त्या रात्री फोडला असता.

सकाळी अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर थांबले. मला वाटलं, आता ओळखतील.

"हिची सवयच हाय," ते म्हणाले, आणि मला फळीवरच डब्यांच्या आड सारलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी, मारोती हॉटेलात आला. त्यानं गाडीचा फिल्टर माझ्याशेजारी फळीवर आपटला. त्यावर तोच पांढरा, चिकट थर.

"वाटेत लामजना गावाच्या पुढं गाडी बंद पडली," तो म्हणाला. "गारठा होता. फिल्टर फुकून फुकून साफ केला, चालू झाली. एक किलोमीटर. परत बंद. पुन्हा साफ केला. तेवढ्यात एसटी बाजूनं गेली. मी पोरीला म्हणलं, बसून ऱ्हा, आता पोचवतो. तिसऱ्यांदा बंद पडली ती पडलीच."

"कुणाला पोचवतो?" काकूंनी विचारलं.

"धम्मप्रियाला. गणिताचा पेपर होता."

कढईत भजी करपली. कोणी काढली नाहीत.

थोड्या वेळानं ती स्वतः आली. कुणाच्या तरी मोटारसायकलवरून ती पोचली तेव्हा परीक्षा केंद्राचं दार बंद झालं होतं. हॉल तिकीट हातातच होतं, घामानं मऊ झालेलं. ती रडली नाही. तिनं मला डब्यांच्या आडून काढलं, आतलं पांढरं पाहिलं, मग फिल्टर पाहिला.

"ही नापास म्हणली होती ना, काका?"

"म्हणली होती, बाई. पण ती दर वेळी तसंच म्हणायची..."

तिनं मला रिकामं केलं. झाकण नाकाशी नेलं. "काकू, हिला कशानं धुता?"

"कशानं म्हणजे? पावडरीनं. तेलकट बाटली तशीच ठेवावं का लोकांपुढं?"

"मग आत्ता बी तशीच घासून द्या."

काकूंनी मला घासलं, एकदा पाणी फिरवलं. धम्मप्रियानं माझ्यात नुसतं नळाचं पाणी घेतलं. तेलाचा थेंब नाही. झाकण लावून हलवलं. माझ्या गळ्यापर्यंत फेस आला.

काकूंचे ओले हात पदरातच राहिले.

"एवढंच होतं?" अप्पा म्हणाले.

"एवढंच. एकदा इचारलं असतं, ही खोटं का बोलायली, तर तवाच कळलं असतं." ती माझं झाकण लावत म्हणाली, "मी पण आत येऊन बघितलं न्हाई. नुसतं इचारलं."

मित्रांनो, त्या दिवसापासून मला कोणी साबण लावत नाही. पिंपं उपडी पडली आहेत आणि मी पुन्हा लवंगांची झाले आहे. तुमच्याही घरात मोजणारं, पारखणारं काहीतरी असेल: तराजू, थर्मामीटर, एखादी बाटली. ते स्वच्छ ठेवा, पण ते कशानं बिघडतं हेही विचारून घ्या. आणि ते चुकलं असं वाटलं, तर त्याला हसण्याआधी कारण शोधा. खोटं ठरलेल्याची पुढची खरी गोष्ट कोणी ऐकत नाही.

शेवटचा हिशेब राहिला. अप्पांचं एक पिंप गेलं आणि इंजिनिअर ही पदवी गेली. भजी चालू आहेत. मारोतीच्या जीपचा डिझेल-पंप गेला. तो नवा बसवून पुन्हा माणसं भरतो, पण हल्ली स्टँडवरच उतरवतो. काकूंचं काय गेलं ते त्या सांगत नाहीत. भांडी मात्र आता दोनदा विसळतात. धम्मप्रियाला जुलैत पुन्हा गणिताला बसावं लागलं. पास झाली. तोवर लातूरच्या ज्या कॉलेजात तिला जायचं होतं तिथल्या जागा भरल्या होत्या, आणि तिच्या वर्गातल्या मुली तिच्याशिवाय गेल्या.

त्या दुपारी अप्पांनी तिच्यापुढं चहा ठेवला होता. आल्याचा होता. तिनं घेतला नाही.