छत्तीस इंचांवरचं काज

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकातला नव्हे, त्याच्या डोक्यावर निदान कबुतरं तरी बसतात. मी कपड्यांच्या दुकानातला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पुढची बाजू सोमवारी तयार झाली, पाठ मंगळवारी. बुधवारी दोघांना चिकटवून घासलं, रंग दिला आणि उन्हात उभं केलं. सांध्याची रेघ अजून दोन्ही काखांखाली दिसते. मी फायबरचा आहे, आतून पोकळ. भूक, थंडी, राग, लोभ यांतलं मला काही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

माझा उजवा हात कोपरात वाकवून पुढे केलेला आहे, छत्री किंवा बॅग अडकवता यावी म्हणून. दुकानात येताना टेम्पोमध्ये करंगळीचं टोक उडालं. तेवढं सोडलं तर मी देखणा होतो, असं लोक म्हणत. मला आरसा नेहमी पाठीमागे लावलेला असे, त्यामुळे खात्री देता येत नाही.

बारा वर्षं मी दाराशी उभा राहिलो. सूट घातले, रेनकोट घातले, एकदा अख्खा उन्हाळा नुसत्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यावर काढला. माझ्या अंगावरचे कपडे बघून माणसं आत येत. एकदा एका गृहस्थांनी माझा कोट पाहून बायकोला विचारलं, "हा मला असाच बसेल ना गं?" ती म्हणाली, "कोट बसेल हो. आधी ते पोट कुठे बसवायचं ते ठरवा." असे माझे सुखाचे दिवस होते. सुखाचे म्हणजे, गर्दीचे.

मग बिनडोक पुतळे आले. मानेपर्यंतच होते ते. डोकं नसलं की कपडा जास्त शोभतो, असा दुकानाचा अनुभव होता. मला मागे फिटिंगच्या काउंटरजवळ ढकललं. पँटची उंची कमी करणं, कंबर आत घेणं, चेन बदलणं ही कामं तिथे चालत. ती करणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. तिच्या गळ्यात मापाची टेप सदैव लोंबत असायची. घरी जातानाही ती काढायची विसरायची आणि बसमध्ये कुणीतरी सांगायचं.

ताईला चार वर्षांची मुलगी होती. घरी सांभाळणारं कुणी नव्हतं. म्हणून साडेबाराला शाळेची व्हॅन तिला दुकानाच्या दाराशी सोडायची आणि सहा वाजेपर्यंत ती काउंटरखाली बसायची. मॅनेजरसाहेबांनी परवानगी दिली होती, पण एका अटीवर: आवाज नको. मुलगी अट पाळायची. खोक्यातली सुटी बटणं रंगारंगाने वेगळी करत बसायची. त्यावरून दुकानाने तिचं नावच बटण ठेवलं.

मला ती मामा म्हणायची.

"आई, मामाला बोट नाहीये एक."

"असू दे. तू नखं खाल्लीस तर तुझंही जाईल."

त्या दिवसापासून बटणने नखं खाणं सोडलं. माझ्या पुढे केलेल्या तळहातावर मात्र ती रोज एक बटण ठेवायची. "हे तुझं. पाडू नकोस." मी पाडत नसे. न पाडणं हे माझ्या अंगभूत गुणांपैकी एक आहे. मधूनच ती माझं अर्धं बोट धरून उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख करून द्यायची. "हा माझा मामा. बोलत नाही. पण चांगलाय." अशी शिफारस मला पुन्हा मिळाली नाही.

ऑक्टोबरात मुख्य ऑफिसातून एक मोठं खोकं आलं. सोबत पत्र होतं: हॅलोविननिमित्त दर्शनी भागात भीतिदायक सजावट करावी. खोक्यात एक कुजक्या चेहऱ्याचा मुखवटा होता, लाल दिवे होते, गुरगुरणारा एक डबा होता आणि माणूस जवळ आलं की ते ओळखणारा एक डोळा होता. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "सण कुणाचा का असेना," ते म्हणाले, "सेल आपला."

आता भूत करायचं तर डोकं पाहिजे. बिनडोक्यांना मुखवटा चढेना. तेव्हा सगळ्यांना माझी आठवण झाली. चार वर्षांनी मी पुन्हा दाराशी आलो. याला बढती म्हणतात.

सजावट करायला पेंटर यायचा. खरं तर तो रंग कमी आणि बाकीच्या उचापती जास्त करायचा. त्याने माझा हात कोपरात कापला आणि आत गाडीच्या काचेवरचं पाणी पुसते ती मोटर बसवली. डोळा छातीवर लावला. कुणी समोर आलं की मी गुरगुरायचो आणि हात खालून वर झपकन उचलायचो. पहिल्या दिवशी माझ्यासमोरून दोनशे माणसं गेली. मोठी माणसं फोनमध्ये बघत होती, ती तशीच बघत पुढे गेली. मुलं त्या डोळ्याच्या खालूनच निघून गेली. एक आजोबा तेवढे दचकले, पण ते दार बंद झालं तरी दचकत.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "हे काय भूत आहे का? याला बघून कुणाची झोपसुद्धा मोडणार नाही. डोळा खाली घे. मुलं घाबरली पाहिजेत. मूल किंचाळलं की चार माणसं वळून बघतात."

"खाली म्हणजे किती साहेब?" पेंटरने विचारलं. "मूल म्हणजे काही ठरावीक लांबीचं येत नाही."

ताई तेव्हा माझ्या अंगावर काळा झगा बेतत होती. शिलाईचं काम म्हणून झगा तिच्याकडेच आला होता. तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती चटकन म्हणाली, "थांबा, माप आहे ना माझ्याकडे. बटण, इकडे ये गं. मामाला टेकून उभी राहा. ताठ."

बटण पळत आली. माप देणं हा तिच्या आवडीचा खेळ होता. ती माझ्याकडे तोंड करून, पोट पुढे काढून, श्वास रोखून उभी राहिली. ताईने टेप धरली. नाकाच्या शेंड्यापर्यंत छत्तीस इंच. खडूने झग्यावर फुली मारली.

"झाली मोठी?" बटणने विचारलं.

"झाली हो. छत्तीसची झालीस."

त्या फुलीवर ताईने काज केलं. ओव्हरकोटच्या बटणाला करतात तेवढं, टाका टाक्याला लागून, कडा जराही न विसकटता. पेंटर बघतच राहिला. "ताई, भुताच्या झग्याला एवढं सुबक काज कुणी केलं नसेल." ताई हसली. आपण काज केलं एवढंच तिच्या लक्षात होतं. काज कशासाठी असतं, हा विचार शिवणारा माणूस करत बसला तर सहा वाजता घरी जाणार कधी?

त्या काजातून तो डोळा बाहेर बघू लागला.

दुसऱ्या दिवसापासून माझं काम उत्तम चालू झालं. तीन वर्षांच्या एका मुलाची बोबडी वळली. त्याचे वडील म्हणाले, "घाबरतोस काय, मर्दासारखा मर्द!" आणि फोन काढून म्हणाले, "पुन्हा एकदा जा बरं समोर." एका मुलीने आईच्या साडीचा पदर तोंडात कोंबला. एका आजीबाईंनी साहेबांना बोलावून सुनावलं, "अहो, पोराची दातखीळ बसायची वेळ आली!" साहेबांनी तक्रारीची ताबडतोब दखल घेतली. माझ्या शेजारी पाटी लागली: हा पुतळा खोटा आहे, मुलांनी घाबरू नये. पाटी साडेपाच फुटांवर होती. ज्यांच्यासाठी होती, त्यांना अजून वाचता येत नव्हतं.

साडेबाराला व्हॅन आली. बटण दप्तर उडवत नेहमीसारखी धावत आत आली. मी गुरगुरलो. हात झपकन उठला आणि तिच्या नाकाच्या शेंड्यासमोर थांबला. माप अचूक होतं.

ती किंचाळली नाही. किंचाळणारी मुलं आईकडे पळतात आणि थोड्या वेळाने शांत होतात. ही जागीच थिजली. तिच्या पायाखाली ओल पसरली. मग ती भिंतीला पाठ घासत, माझ्यावरची नजर न काढता, आत गेली.

"अगं, तुझ्यासमोरच तर शिवला झगा," ताई फरशी पुसत म्हणाली. "मामाच आहे तो. माहितेय ना?"

"माहितेय," बटण म्हणाली.

तीच तर अडचण होती. इतर मुलांना भुताने घाबरवलं होतं. तिला मामाने.

मला काही वाटलं नाही. वाटण्याची सोय माझ्यात नाही.

पुढचे दोन दिवस ती डोळे मिटून आत आली. तिने डोळे मिटले तरी माझा उघडाच होता. मी दोन्ही दिवस गुरगुरलो. तिसऱ्या दिवशी तिच्या रडण्याचा आवाज पार वरच्या मजल्यापर्यंत गेला. साहेब खाली आले. "ताई, आपलं काय ठरलं होतं? आवाज नको. उद्या असं झालं तर तिची सोय दुसरीकडे बघा."

"दुसरीकडे कुठे बघू साहेब?"

"ते मी कसं सांगू? मी काय पाळणाघर काढलंय?"

त्या संध्याकाळी ताईने बटणला समजावलं. उद्या अजिबात आवाज करायचा नाही, नाहीतर साहेब तुला इथे येऊ देणार नाहीत. बटणने मान हलवली. ती शब्दाची पक्की होती.

चौथ्या दिवशी व्हॅनवाल्याने तिला साडेबाराला सोडलं आणि ती पायरी चढलेली पाहून तो निघून गेला. ती दाराच्या काचेपर्यंत आली. आत मी होतो. तिने दाराला हात लावला, काढला आणि बाहेरच्या खांबामागे जाऊन उभी राहिली. आवाज केला नाही.

मला काचेतून सगळं दिसत होतं. तिचं दप्तर खांबाच्या एका बाजूने बाहेर आलेलं होतं. रस्त्यावर गाड्या जात होत्या. एक माणूस थांबला, वाकून तिला काहीतरी विचारू लागला. तिने मान हलवली. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग गेला. एक वाजला. ताईला वाटलं, व्हॅनला उशीर झालाय. सेलच्या पँटींचा ढीग पडला होता. दीड वाजता तिने फोन केला. व्हॅनवाला म्हणाला, "ताई, मी तर केव्हाच सोडलं तिला."

ताई धावली. तिच्या मांडीवरची पँट जमिनीवर पडली. ती माझ्यासमोरून गेली, मी गुरगुरलो, हात उचलला. तिने तो इतक्या जोरात बाजूला सारला की मोटर करकरली.

बटण खांबामागे उभी होती. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलेलं होतं.

"मी आवाज नाही केला," ती म्हणाली.

ताईने तिला उचललं, आत आणलं, लांबून वळसा घेऊन काउंटरवर बसवलं. मग सुई घेतली, काळा दोरा ओवला आणि माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली. गिऱ्हाइकं बघत होती. मी तिच्या कपाळावर तीनदा गुरगुरलो. तिने ते काज शिवायला घेतलं. जसं केलं होतं तसंच, टाक्याला टाका लावून. चौथ्यांदा मला गुरगुरता आलं नाही.

साहेब आले. "ताई! काय चाललंय हे?"

"माझंच काज आहे साहेब. माप चुकलं होतं."

"अहो, मुलं किती थांबून बघत होती!"

"थांबत नव्हती, साहेब. पाय हलत नव्हते त्यांचे." तिने दोरा दातांनी तोडला. "आता ठेवा मला किंवा काढा. तेवढ्या एकतीस पँटी आहेत, त्या कुणाकडून करून घेणार ते सांगा, म्हणजे त्याला खुणा समजावून जाते."

साहेबांनी पँटींच्या ढिगाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "बॅटरी गेली वाटतं याची," ते जरा मोठ्याने म्हणाले आणि वर निघून गेले. सेल संपेपर्यंत मी दाराशी मुका उभा होतो. विक्री जेवढी व्हायची तेवढी झाली.

पुढे मला मुखवट्यासकट, झग्यासकट कोठारात टाकलं. मोटर बिघडली ती हात अर्धा वर गेलेला असताना. तो आता खालीही येत नाही.

एकदाच बटण तिथे आली. ताई हँगर शोधत होती. बटण उंबऱ्याबाहेर थांबली.

"आई, तो बघतो का?"

"नाही गं. डोळा शिवलाय मी त्याचा."

"दुखलं का त्याला?"

ताईने एक हँगर ओढून काढला. "नसेल दुखलं."

बटणने खिशातून एक निळं बटण काढलं. आत यायला काही तयार नव्हती. उकिडवी बसली आणि तिथूनच तिने ते फरशीवरून माझ्याकडे घरंगळत सोडलं. ते कडेवर चाललं, डगमगलं आणि माझ्या पायापासून हातभर अलीकडे आडवं झालं.

"तुझं आहे," ती म्हणाली आणि आईचा हात धरून गेली.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला ऊन दाखवा, असं मी म्हणणार नाही. फायबरला धुळीचं काही नसतं. एवढंच सांगतो: कधी तुम्ही मोठे व्हाल, एखाद्या लहान मुलाला उभं करून त्याचं माप घ्याल. ते हसत हसत, श्वास रोखून, ताठ उभं राहील. टेप लावण्याआधी विचारून घ्या, हे माप कशासाठी हवंय.

ते निळं बटण अजून तिथेच आहे. वाकून उचलावं, तर तशी माझी घडण नाही. हात पुढे आहे, एवढंच.