गुरुवारी तोफा झाकल्या

नऊ वाजून पाच मिनिटं. साल १९९७.

खाली मैदानात सहा तोफा सज्ज. तपासणीला जनरलसाहेब आलेले. नाशिकबाहेरच्या टेकडीवर, चौकीत, वायरलेसवाला नाईक दिनेश एका शब्दासाठी खोळंबलेला: क्लिअर. म्हणजे रेंजमध्ये माणूस नाही, मारा सुरू करा. हा शब्द द्यायचा अधिकार सुभेदार निसार यांचा, आणि सुभेदार तोंड उघडायला तयार नव्हते.

नऊ दहा.

"साहेब, दुर्बिणीत कुणी दिसतंय?"

"नाही."

"मग?"

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

"खालच्या आदिवासी पाड्यांचा बाजार गुरुवारी. नाल्यातनं जातात. नाल्याच्या तळाशी दुर्बीण पोचत नाही."

दिनेशने फाईल पुढे केली. मारा सोमवार ते बुधवार ठरला होता. काल संध्याकाळी एक दिवस वाढला. वाढीव नोटिशीवर सरपंचांची सही होती.

"सरपंच जीपने जातात रे. पायी बाया जातात. त्यांना कुणी सांगितलं?"

(इथे जरा मागे. नोटीस डकवून निसारांचं कधी भागलं नाही. दर माऱ्याआधी ते पाड्यावर जात, एखाद्या म्हातारीपुढे बसत आणि तिच्याकडून तारीख, वार, वेळ परत वदवून घेत. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. पलटणीतली पोरं त्यांना मास्तर म्हणत. दिनेशनेच ते नाव ठेवलं होतं. काल मात्र मास्तरांना पाड्यावर जायला सवड मिळाली नव्हती.)

नऊ पंचवीस. वायरलेस यंत्रात कर्नलसाहेब.

"निसार, जनरलसाहब खड़े हैं. क्लिअर दो."

"नहीं दे सकता, साहब."

"कोई दिखा?"

"दिखा नहीं, साहब."

"तो रोका क्यों?"

"दिखा नहीं, इसलिए."

निसारांच्या सुभेदारमेजरपदाच्या बढतीची यादी महिनाअखेरीला निघायची होती, आणि तिच्यावर शेरा याच कर्नलसाहेबांचा.

"दस मिनट. फिर तुम्हारी जगह दूसरा आदमी आएगा."

एक.

दोन. गवत हललं. वारा.

तीन.

पाच. दिनेशला वाटलं, म्हणावं एकदाचं क्लिअर. सुभेदारांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आठ. नाल्याच्या तोंडातून एक पाटी वर आली. पाटीत कोंबडे, पाटीखाली पाड्यावरची म्हातारी भागीबाई. तिच्यामागे एकेक करत दहाजणी.

सुभेदार उतरणीला लागले. यंत्र पाठीवर घेऊन दिनेश मागोमाग.

"भागीबाई, आज मारा आहे."

"आज? तूच बुधवारपावत सांगून गेला. मी परत म्हणून बी दावलं व्हतं."

"बरोबर म्हणालीस. चूक आमची."

"मंग व्हय बाजूला. ऊन लागून कोंबडे मरतील माझे."

सुभेदार बाजूला झाले. अकराजणी पलीकडच्या उतारावर गेल्या, मगच त्यांनी दिनेशच्या पाठीवरच्या यंत्राचा रिसीव्हर घेतला.

"ग्यारह औरतें थीं, साहब. निकल गईं."

मग कर्नलसाहेबांचा आवाज आला, मघापेक्षा हळू. "शाबाश, निसार. अब क्लिअर दो."

"नहीं, साहब. बाज़ार से लौटेंगी भी."

दिनेशने डोळे मिटून घेतले. शाबासकी पदरात पडली होती, तिच्यावर हा माणूस पुन्हा पाणी सोडत होता.

"कब तक?"

"शाम तक."

मग तोच आवाज, पण त्यांच्याशी नव्हे, तिकडे कुणाशी तरी: "तोपें ढक दो. जनरलसाहब से मैं बात करता हूँ." आणि यंत्रात: "कल सुबह छह बजे, निसार."

खाली एकेका तोफेवर ताडपत्री चढू लागली. दिनेशला वाटलं, सुभेदार आता टेकतील, पाणी पितील. ते बाया गेल्या त्या उताराच्या वाटेने चालायलाही लागले होते.

"आता कुठे, साहेब?"

"उद्याचं त्यांना सांगायला नको? चल, बाजारात पोचायच्या आत गाठू." चार पावलांवर ते थांबले. "आज वदवून घ्यायचं काम तुझं. आणि भागीबाई फटकळ आहे, हसू नकोस."

दिनेश हसला नाही. यंत्राचा पट्टा खांद्यावर नीट ओढून तो पळतच निघाला.